प्रवेश-अर्जातील एक रकाना



गुरुजींच्या स्मरणार्थ भरणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा मनःपूर्वक ऋणी आहे. याच शाळेच्या पहिल्या वर्गात मी गुरुजींपुढे पाटी घेऊन बसलो आहे. त्यांच्या वळणदार अक्षराविषयी, हिशेबीपणाविषयी, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या वेळी जाम नदीच्या काठी मलमपट्टीची पेटी घेऊन बसण्याच्या त्यांच्या नेमाविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. त्यात भर घालण्याजोगे माझ्यापाशी थोडेच आहे. मी आज त्यांच्या एकाच कामाविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी जरा लांबचा रस्ता धरणार आहे.

आजचा माझा विषय आंतरराष्ट्रीय शाळा हा आहे. नोकरीनिमित्त परदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले आणि त्याच गावातील स्थानिक मुले जिथे एकत्र शिकतात, सकाळी येतात व सायंकाळी घरी जातात, अशी स्वतंत्र शाळा. अशी शाळा पांढुर्ण्यात नाही, सौंसरलाही नाही. संत्री, कापूस आणि मँगनीज यांच्या या मुलखात तिचे काय काम, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की, त्या शाळांना जो प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडला, तोच प्रश्न आपल्या गुरुजींना या शाळेच्या ओसरीवर पडला होता. आणि तो अजून सुटलेला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये जिनिव्हा शहरात आली. त्यांच्या कर्मचाऱ्यांबरोबर निरनिराळ्या देशांची मुले आली. या मुलांना कोणत्या देशाचा इतिहास शिकवावा, कोणत्या भाषेत शिकवावे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९२४ साली अवघ्या आठ मुलांनिशी तेथे आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा तिथे शेजारी शेजारी नांदू लागल्या. पॉल द्यूपुई नावाचे वयोवृद्ध गृहस्थ तिथे भूगोल शिकवीत. सपाट नकाशा मुलांच्या हाती देण्याआधी ते पृथ्वीचा गोल देत, कारण सपाट नकाशात कोणता तरी एक देश मध्यभागी बसतोच आणि बाकीचे कडेला जातात. नकाशाच्या कडेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. पुढे १९६८ साली जिनिव्हातच ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही परीक्षासंस्था स्थापन झाली आणि तिचा अभ्यासक्रम जगभर पसरला.

आपल्याकडे परदेशी मुलांच्या शाळा तशा जुन्याच. मसुरीची वुडस्टॉक शाळा १८५४ची, कोडाईकनालची १९०१ची. दोन्हींचा मिशनऱ्यांशी निकटचा संबंध. आपल्या छिंदवाडा, बैतूल, सागर या भागांत स्वीडिश मिशनचे काम पुष्कळ वर्षे चालले, हे येथील वडीलधाऱ्यांना माहीत आहे. मिशनऱ्यांची मुले सर्वसाधारणपणे अशा थंड हवेच्या ठिकाणच्या निवासी शाळांतून शिकत. निवासी शाळा मुलाला आठ-आठ महिने घरापासून तोडते. त्यामुळे घरची भाषा हा प्रश्न तिला रोज भेडसावत नाही. दिवसाच्या शाळेचे तसे नाही. तिथून मूल रोज सायंकाळी आईकडे परत जाते, आणि दिवसभरात काय झाले ते आईला कोणत्या भाषेत सांगावे, हा प्रश्न रोज सायंकाळी उभा राहतो. म्हणून मी मुद्दाम दिवसाच्या शाळांविषयीच बोलतो आहे.

मुंबईत १९६१ साली जर्मन कुटुंबांसाठी डॉइचे शूले निघाली. तीच आता डी.एस.बी. इंटरनॅशनल स्कूल म्हणून ओळखली जाते. अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे १९८१ची. मोटारींच्या कारखान्यामुळे जर्मन अभियंते सहकुटुंब पुण्यास येऊ लागले, तेव्हा १९९८ साली तेथे मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल सुरू झाली. हिंजवडीची ही शाळा पुढे महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल झाली. पाहुण्यांसाठी उघडलेल्या अशा शाळांत हळूहळू यजमानांचीही मुले येऊ लागली. वर्षाची फी लाखांत असते, त्यामुळे ‘स्थानिक कुटुंबे’ हा शब्द तिथे आपल्या ओळखीच्या अर्थाने वापरता येत नाही. तरी ती कुटुंबे स्थानिकच.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे पुण्यास राहावयास गेलो आणि चारपाच वर्षे अशाच एका शाळेत परदेशी मुलांना हिंदी शिकविली. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पांढुर्ण्याच्या मराठी माणसाने पुण्यात बसून कोरियन मुलांना हिंदी शिकवावी, यातली गंमत माझ्या लक्षात येत नव्हती असे नाही.

त्या शाळेच्या प्रवेश-अर्जात एक रकाना होता : घरात बोलली जाणारी भाषा. एका कोरियन अभियंत्याची पत्नी मुलीचा अर्ज घेऊन आली होती. तिला इंग्रजी बेताचेच येत होते, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : माझी मुलगी येथे तीन वर्षे राहील, परत गेल्यावर ती तिच्या वयाची कोरियन पुस्तके वाचू शकेल, याची जबाबदारी कोण घेणार? मला वाटले, या बाईंना आता हसतील. कोणी हसले नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविका परीक्षेत साहित्याचा पहिला विषय विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्या भाषेतला घ्यावा, अशी सोय आहे. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी विद्यार्थ्याने पुस्तके स्वतः वाचावीत, शाळेने त्याला वेळ, देखरेख आणि साहाय्य द्यावे व तो परीक्षेस बसावा, असा मार्ग ठेवलेला आहे. दोन भाषांतील साहित्याचा अभ्यास पुरा करणाऱ्यास द्वैभाषिक पदविका मिळते. समन्वयक बाईंनी त्या कोरियन मातेला हे सगळे समजावून दिले, मुलीसाठी आठवड्यातले तास कागदावर मांडून दाखविले, आणि ती बाई समाधानाने गेली.

त्याच आठवड्यात पुण्यातल्याच एका मराठी दांपत्याचा अर्ज मी पाहिला. दोघेही आपसांत मराठीत बोलत होते, मुलाला ‘बस रे, हात नको लावू’ असे मराठीतच सांगत होते, आणि रकान्यात त्यांनी लिहिले होते : इंग्रजी. बोलणे खोटे नव्हते, लिहिणेही पुरते खोटे नव्हते. तीच भाषा घरात बोलली जावी अशी त्यांची इच्छा होती, एवढेच. शाळेने तो रकाना जसा होता तसा मान्य केला. शाळा दुसरे काय करणार? हजारो मैलांवरच्या भाषेची व्यवस्था झाली, कारण ती मागणारी आई होती. फाटकाबाहेर रिक्षावाले, भाजीवाले जी भाषा बोलत होते, ती मागावयास कोणीच आले नाही.

हे पाहिल्यावर मला गुरुजी आठवले. आता मी आपल्या गावी येतो.

परदेशी माणूस आपले घर सोडून परक्या राज्यात जातो. आपल्याकडे घरे जागच्या जागी राहिली आणि राज्य हलले. १९५६ पर्यंत आपल्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. पांढुर्ण्याहून शंभर किलोमीटरच्या आत, सौंसरहून त्याहूनही जवळ. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांचा राज्यकारभारात मान होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. त्या दिवशी मी सहा वर्षांचा होतो. माझ्या आजीने अंगण सारवले, गाय पिळली, आणि ती भाषिक अल्पसंख्य झाली. तिला हे कोणी सांगितले नाही आणि सांगितले असते तरी तिला ते कळले नसते. सीमा चुकली की बरोबर होती, या वादात मी आज शिरत नाही. सीमा कुठेतरी काढावीच लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी राहतेच. २०२३च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर यांचा मिळून वेगळा जिल्हा झाला. यापुढे निदान जिल्ह्याच्या कचेरीत तरी आपण कडेला नाही.

ज्यांनी सीमा काढल्या त्यांनाही या मुलांची आठवण होती. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत असे ठरले होते की, ज्या शाळेत एखाद्या अल्पसंख्य भाषेची चाळीस मुले असतील, किंवा एका वर्गात दहा असतील, तेथे प्राथमिक शिक्षणासाठी त्या भाषेचा शिक्षक द्यावा. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले, आणि प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचे काम राज्यांकडे सोपविले गेले. पुढे अशीही सूचना झाली की, अशा मुलांची नोंद शाळा सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी. म्हणजे सगळा भार येऊन पडला तो प्रवेशाच्या वेळी भरावयाच्या एका रकान्यावर. मातृभाषा : मराठी, असे दहा जणांनी लिहिले तर शिक्षक मागता येतो. नऊ जणांनी लिहिले तर येत नाही.

गुरुजींचे काम ते हेच. उन्हाळ्याची सुटी लागली, लग्नसराई संपत आली, की ते सायकलवर घरोघरी जात. या गावात, सावरगावात, सौंसरच्या वाटेवरच्या खेड्यांत. मुलाचे नाव विचारीत, वय विचारीत, आईशी चार शब्द बोलत, आणि वहीत नाव लिहून खाली पालकाची सही किंवा अंगठा घेत. त्यांनी कधी भाषण केले नाही. मोर्चा काढला नाही. मोर्च्याला माणसे जमतात हो, पण जूनमध्ये वर्गात दहा नावे लागतात, असे ते एकदा कोणाला तरी म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

मुलांना हिंदी येतच होती, मग गुरुजींचा एवढा आटापिटा कशासाठी, असे पुष्कळांना तेव्हा वाटे. मलाही वाटे. आपल्याकडचे मूल पाच वर्षांचे होईतो बाजारातली हिंदी सहज बोलते. ‘क्या करके रहा’ म्हणते, आणि नागपूरपर्यंत कोणी त्याला अडवीत नाही. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातील संशोधकाने १९७०च्या दशकाच्या शेवटापासून या गोष्टीचा अभ्यास मांडला आहे. परभाषेत मूल खेळण्या-बोलण्यापुरते सुमारे दोन वर्षांत तयार होते. पण पाठ्यपुस्तकाच्या, तर्काच्या, परीक्षेच्या भाषेत त्या भाषेच्या मुलांच्या बरोबरीला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मधल्या काळात शिक्षक त्याचे फर्डे बोलणे ऐकून फसतो आणि न कळलेल्या गणिताचा दोष मुलाच्या डोक्याला देतो. युनेस्कोनेही १९५३च्या आपल्या अहवालात प्रारंभीच्या शिक्षणासाठी मातृभाषेचीच शिफारस केली होती.

आपल्या बाबतीत ही फसगत आणखी सोपी आहे, कारण शब्द दिसायला एकच असतात. मराठी घरातले मूल ‘शिक्षा’ हा शब्द छडीच्या संदर्भात शिकलेले असते. शाळेत आल्यावर त्याला कळते की येथे तर सगळेच शिक्षेसाठी येतात. ‘चेष्टा’ म्हणजे घरी टवाळी, पुस्तकात प्रयत्न. ‘संसार’ म्हणजे घरी भांडीकुंडी आणि लेकरेबाळे, पुस्तकात अखिल जग. ‘आपत्ति’ म्हणजे घरी पूर किंवा दुष्काळ, पुस्तकात नुसता आक्षेप. मोठेपणी आपण यावर विनोद करतो. सहा वर्षांच्या मुलाला त्यात हसण्यासारखे काही नसते. आपण समजतो ते सगळे चुकते आहे, एवढेच त्याला समजते, आणि ते गप्प बसू लागते.

आता मला जे सांगावयाचे आहे ते सांगतो. १९८३ साली मी माझ्या मुलास याच शाळेत घालावयास आणले. मी सरकारी नोकरीत, बदलीचा माणूस; उद्या इंदूर, परवा जबलपूर. मी अर्जात मातृभाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ असे लिहिले. गुरुजींनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला. ‘विचार करून लिहिलंस ना?’ एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी अर्ज इतर अर्जांखाली ठेवला आणि माझ्या वडिलांच्या प्रकृतीची चौकशी केली.

त्या वर्षी पहिलीच्या वर्गात मराठीसाठी आठ नावे झाली. माझ्या मुलाचे धरूनही नऊच होत होती, दहा होत नव्हती. या हिशेबावर मी पुष्कळ वर्षे सुखाने झोपलो. नंतर केव्हातरी आमच्या शेजारच्या वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, ‘तुम्ही शिकलेले, तुम्हीच हिंदी लिहिलं, म्हणून आम्हीपण दोघांचं तसंच लिहिलं.’ त्यांची जुळी मुले होती.

मुलगा हुशार निघाला. हिंदीतून शिकला, इंग्रजीतून अभियंता झाला. त्याचे काही बिघडले, असे मी म्हणू शकत नाही. माझ्या आईची सौंसरहून आलेली जुनी पत्रे मी जपून ठेवली होती. एकदा पुण्यात ती चाळत असता मी त्याच्या हाती एक दिले. त्याने ते खणखणीत वाचले. लिपी तर एकच आहे! ‘यंदा आंबिया गळाला, आता मृगावर भिस्त.’ वाचून झाल्यावर त्याने मला विचारले, ‘बाबा, हे आंबिया कोण? आपल्या नात्यातले होते का?’ ज्याच्या तीन पिढ्या संत्र्याच्या बागेवर जगल्या, त्याला आंबिया बहार आणि मृग बहार सांगावे लागले. कोरियन मुलीला तिच्या आजीचे पत्र वाचता आले नसते, तर निदान अक्षर लागत नाही हे पहिल्या ओळीतच तिच्या आईला कळले असते. आमच्याकडे अक्षर लागत होते, म्हणून काय गेले ते चाळीस वर्षे दिसले नाही.

हिंदीशी माझे भांडण आहे, असा समज कृपया करून घेऊ नका. तिने मला भाकरी दिली. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले थोर कवी आणि शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मान्यवर कवी-कादंबरीकार. हे दोघे सख्खे भाऊ, एकाच मराठी घरातले. तेव्हा दोन भाषा एका घरात मावत नाहीत, असे कोणी मला सांगू नये. आता तर प्रश्न दोहोंचा राहिलेला नाही. लहान लहान गावांतूनही शाळांच्या पाट्यांवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द दिसतो. पाटीविषयी माझी तक्रार नाही. मात्र खऱ्याखुऱ्या आंतरराष्ट्रीय शाळेत प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी घरची भाषा विचारतात आणि उत्तर मिळाल्यास तिच्यासाठी वेळापत्रकात जागा काढतात; पाटीबरोबर तेवढी रीत उचलली गेली असती तर बरे झाले असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिक्षण असावे असे म्हटले आहे. धोरणाचे शब्द चांगले आहेत. १९५६चेही चांगलेच होते.

आज सकाळी मुख्याध्यापकांनी कपाट उघडून गुरुजींच्या काळचे दाखलखारीज रजिस्टर मला दाखविले. त्या सुंदर अक्षरात मातृभाषेच्या रकान्यात पानामागून पान ‘मराठी’, ‘मराठी’ असे लिहिलेले आहे. पाहता पाहता मी नावांवर आलो. उइके, धुर्वे, परतेती, कुमरे. ही माझ्या बरोबरची मुले. मागच्या बाकावर बसत. त्यांच्यातल्या एकाच्या घरी मी जेवलेलो आहे, आणि त्याची आई चुलीपाशी त्याच्याशी जे बोलत होती ती गोंडी होती. मला त्यातले अक्षर कळले नव्हते. त्याच्या नावापुढेही ‘मराठी’ असेच लिहिले आहे. गुरुजींनी मुद्दाम अन्याय केला, असे माझ्या मनातही येत नाही. त्यांना दहा नावे हवी होती, आणि त्या आईला कोणत्या भाषेत विचारावे हे त्यांना येत नव्हते. परंतु ज्या रकान्यासाठी त्यांनी सायकल झिजविली, तोच रकाना त्या मुलांच्या वाट्याला आला तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या इच्छेने भरला गेला. मी ‘हिंदी’ लिहिले त्यापेक्षा हे फारसे निराळे नाही. ते रजिस्टर हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. हे येथे बोलावे की न बोलावे, याचाही विचार केला. गुरुजी असते तर चूक दाखविणाऱ्या विद्यार्थ्यावर ते रागावले नसते, म्हणून बोललो.

माझी या शाळेला एक विनंती आहे. यंदाच्या जूनपासून प्रवेश-अर्जात भाषेसाठी एकाऐवजी दोन ओळी ठेवाव्यात : घरात आई मुलाशी कोणती भाषा बोलते, आणि शाळेने कोणती भाषा शिकवावी असे पालकांना वाटते. दोन्ही उत्तरे वेगळी आली तरी चालेल. दोन्ही लिहून घ्यावीत. पहिला प्रश्न शक्यतो आईलाच विचारावा. आणि गोंडी जाणणारे एक माणूस प्रवेशाचे चार दिवस ओसरीवर बसवावे. त्या चार दिवसांचा खर्च मी देईन. तसे मुख्याध्यापकांना सकाळीच सांगितले आहे.